बिऱ्हाडं हलली का?

हे खरंच घडलंय. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. बारक्या हसत नाही.

रविवारची दुपार होती. ऑफिसला सुट्टी. सर्व्हर रूममध्ये बारक्या एकटाच.

प्रोसेसरमध्ये एक फट सापडली होती. एका सर्व्हरवर बऱ्याच कंपन्यांची व्हर्च्युअल मशिन्स राहतात, एका घरात भाडेकरू राहतात तशी. त्या फटीतून एकाचं गुपित शेजाऱ्याला ऐकू जायची भीती. ती बुजवणारा अपडेट आला होता. तो बसवायला सर्व्हर बंद करावा लागतो. पण आधी त्यावरची सगळी मशिन्स दुसरीकडे हलवायची. एक जरी मागे राहिलं, तर कुणाचं तरी चालतं काम धाडकन बंद.

हे सगळं त्याला दाजींनी शिकवलं. ताईचा नवरा, आणि ऑफिसात साहेबही. मशिन्सना ते बिऱ्हाडं म्हणायचे. दाजी बाहेर स्क्रीनसमोर, बारक्या आत सर्व्हरपाशी. मध्ये इंटरकॉम.

“बिऱ्हाडं हलली का?” बारक्या विचारायचा.

“रिकामा,” असं उत्तर आलं, की मगच बटण.

गेल्या वर्षी ते उत्तर आलं. बारक्यानं बटण दाबलं.

सर्व्हर रिकामा नव्हता. एका दवाखान्याचं मशिन त्यावर चालू होतं.

चौकशीत दाजी म्हणाले, “मी ‘थांब’ म्हणालो होतो. त्याला ऐकू आलं नाही.”

बारक्याला शेवटची ताकीद मिळाली. पुन्हा चूक झाली, तर नोकरी गेली. घरी दाजींनी पाठीवर हात ठेवला. “पंख्यांच्या आवाजात होतं असं, बारक्या.”

घरचा माणूस खोटं कशाला बोलेल? वर्षभर तो स्वतःच्याच कानांना दोष देत राहिला. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आला.

मग दाजी गेले. झोपेतच. बारक्या ढसाढसा रडला.

त्या रविवारी बाहेर कुणीच नव्हतं. लॅपटॉप आत घेऊन तो एकटाच काम करत होता. पहिल्या सर्व्हरवरची मशिन्स हलत होती. सवयीनं तोंडातून निघून गेलं, “बिऱ्हाडं हलली का?”

आणि इंटरकॉम...

...खरखरला.

“रिकामा...”

दाजींचा आवाज. शेवटचा ‘मा’ ओढायची तीच लकब.

 बारक्यानं घाबरून काचेतून बाहेर पाहिलं. दाजींच्या खुर्चीत कुणी नव्हतं. ऑफिसचं दार त्यानंच आतून लावलेलं.

तरी बोट बटणाकडे गेलंच. इतक्या वर्षांची सवय. तेवढ्यात नजर लॅपटॉपवर पडली.

एक मशिन अजून त्या सर्व्हरवरच होतं.

बारक्याची भीती कुठल्या कुठे पळाली.

“म्हणजे तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात!” तो ओरडला. “माझे कान शाबूत होते, दाजी! डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि तुम्ही केसानं गळा कापलात. मेल्यावरही सवय जात नाही?”

 

डोळे पुसत त्यानं ते मशिन हलवलं आणि काम पुढे रेटलं. शेवटचा सर्व्हर आला. स्क्रीनवर शून्य. त्यानं परत तपासलं. शून्यच. बोट बटणावर ठेवलं.

“थांब...”

आवाज इंटरकॉममधून नव्हता. समोरच्या सर्व्हरच्या जाळीतून होता.

“थांब, बारक्या. रिकामा नाही. मी आहे आत...”

“आता नाही फसणार,” बारक्या म्हणाला.

आणि बटण दाबलं.

त्या सर्व्हरचे पंखे थांबले. तेवढ्यात कुणीतरी हुंदका दिला... अगदी जवळून. मग सर्व्हर पुन्हा सुरू झाला. अपडेट बसला. फट बुजली.

तो बाहेर आला, मोबाइलला रेंज आली, आणि लगेच ताईचा फोन. आवाज रडवेला.

“बारक्या, आत्ता जरा डोळा लागला होता रे. हे स्वप्नात आले. म्हणाले, ‘बारक्याची माफी मागायला थांबलो होतो.’”

“मग?”

“मग काय... बोलता बोलता दिवा विझावा तसे गेले.”

बारक्या अजून तिथंच काम करतो. कुणाला पटो न पटो, भरलेल्या सर्व्हरचं त्याला काही वाटत नाही.

स्क्रीनवर शून्य दिसलं, की मात्र त्याचा हात बटणाकडे जायला धजत नाही.