पत्रा धरणारी

ही गोष्ट ऐकून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसले होते.

पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. आणि ती कुणाला घाबरल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही. तिला खोटं रचून सांगायची हौस नाही, मला तर नाहीच नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

शनिवार होता. दुपारचे सव्वाचार. बाहेर लख्ख ऊन. आणि जागा... मावशीच्या घरामागची शेड.

मावशी घरी शिवणकाम करते. काका, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त झाले आणि त्यांना शेडमधली वडिलांची गाडी आठवली. हिरवी, गोल दिव्यांची, वीस वर्षं एकाच जागी उभी. वरून बरी दिसायची, पण खालून गंजानं पार खाल्ली होती. दाराखालची पट्टी बोटानं दाबली की बिस्किटासारखी तुटायची.

"दुसऱ्याचा हात नाही लागू देणार. मीच करणार," काका म्हणाले.

झालं! मग वेल्डिंगचं मशीन कुठलं घ्यायचं, हा घोर. दोन महिने तेच. जेवताना माहितीपत्रकं, झोपताना माहितीपत्रकं.

"एवढं निरखून त्यांनी मला लग्नाआधीसुद्धा बघितलं नव्हतं," मावशी मला सांगायची. हसत सांगायची, पण तिला ते लागलं होतं. ती आहेच तशी. काकांनी शेजारच्या मांजराचं कौतुक केलं तरी हिचा चेहरा उतरतो.

शेवटी एका दुकानदारानं सोक्षमोक्ष लावला.

"रॉडचं मशीन जाड लोखंडाला ठीक आहे, काका. गाडीचा पत्रा पातळ. गंज राहील बाजूला आणि नवीच भोकं पडतील. पहिलंच मशीन ना? मग वायरचं घ्या, गॅसवालं. त्याच्यावर हात लवकर बसतो." आणि त्यानंच एक पत्ता दिला. तिथला म्हातारा डेंटर स्वतःचं मशीन विकत होता. आयुष्यभर गाड्यांचे पत्रे जोडले, आता नजर गेली.

मावशीही बरोबर गेली.

मशीन जुनं होतं, पण निगा राखलेलं. डेंटरनं सोबत काळ्या काचेचा मुखवटा दिला आणि चामड्याचे हातमोजे. दोन जोड. एक मोठा, एक अगदी लहान.

"लहान कुणाचे?" मावशीनं विचारलं.

"बायकोचे. पत्रा ती धरायची." म्हाताऱ्यानं मशीनवर हात ठेवला. "वेल्डिंगचा पहिला टाका पडेपर्यंत पत्रा हलता कामा नये. बत्तीस वर्षं धरला तिनं. मागच्या वर्षी गेली." मग काकांकडे वळून म्हणाला, "तुमचा कोण धरणार?"

काकांनी मावशीकडे पाहिलं. जरा आशेनंच पाहिलं.

मावशी खळखळून हसली.

"मी नाही हं! त्या ठिणग्या, तो वास... मशीनबरोबर धरणारीही देऊन टाका तुमची!"

म्हातारा हसला नाही. लहान मोज्यांवरून त्यानं एकदा हात फिरवला आणि ते काकांच्या हातात दिले.

पहिला आठवडा काकांचे हालच झाले. एका हातात मशीनची बंदूक, दुसऱ्यात पत्रा. चुंबक लावून पाहिलं, वळणावर ते टिकेना. पत्रा सरकायचा, भोक पडायचं. रोज संध्याकाळी तोंड पाडून घरात यायचे. मावशीला वाईट वाटायचं. पण एकदा नाही म्हणून बसली होती ना! आता आपणहून कसं जायचं?

मग अचानक काम जमायला लागलं.

एका दुपारी मावशी मागच्या खिडकीशी शिवत बसली होती. शेडमधून काकांचा आवाज आला.

"धर..."

मशीनची चरचर.

"हां... आता सोड."

मावशीचा पाय शिलाई मशीनवर थांबला. ती मागच्या दारानं शेडपाशी गेली. काका एकटेच होते, मुखवटा वर करून टाका बघत होते.

"कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशी म्हणजे?" काका हसले. तेही कसं, लाजल्यासारखं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धर... सोड. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि काका बदलले. सकाळी मावशीच्या आधी उठून चहा करायला लागले. शिवताना तिच्या पाठीमागे उशी आणून ठेवली. एकदा तर तिचे हात हातात घेऊन म्हणाले, "किती करतेस गं माझ्यासाठी."

तीस वर्षांत असं बोलले नव्हते.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. पुरुष उगाच गोड वागायला लागला की बाईनं काय समजायचं? वरच्या गल्लीतली ब्यूटीपार्लरवाली तिच्या डोळ्यांपुढे आली. समोरची विधवा बाई आली. रात्रभर तिनं गल्लीतली एकही बाई सोडली नाही.

सकाळी काका बाहेर गेल्याबरोबर ती शेडमध्ये शिरली. केस, बांगडीचा तुकडा, रुमाल... काही म्हणजे काही नाही.

फक्त भिंतीवरच्या खिळ्याला ते लहान हातमोजे टांगलेले होते. तिनं सहज हात लावला.

मोजे उबदार होते.

आतून.

शेडमध्ये कालपासून कुणी आलं नव्हतं. दोन्ही तळव्यांवर ठिणग्यांचे डाग होते, नवे, काळेभोर. मावशीनं एक मोजा घालून पाहिला. तो तिच्या अंगठ्याच्या बुडाशीच अडकला. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेली बाई ती... एका नजरेत तिला कळलं. किती नाजूक हात असतील!

भीती नंतर वाटली, असं ती मला म्हणाली. आधी नुसता जळफळाट झाला.

जेवताना तिनं तोंड उघडलं. "खरं सांगा. शेडमध्ये तुमचा पत्रा कोण धरतं?"

काकांचा घास हातातच राहिला.

"असं काय विचारतेस? तूच ना!"

मावशीनं हातातली पोळी ताटात टाकली.

"मुखवटा खाली घेतला की मला काळोखच," काका सांगू लागले. "ठिणगी पेटली की वीतभर जागा दिसते. तेवढ्यात तुझे मोजे दिसतात. मुखवटा वर करतो तोवर तू पसार. मला वाटलं, नाही म्हणून बसलीस म्हणून उघड येत नाहीस. मीही मग विषय काढला नाही." ते हसले. तसंच, लाजल्यासारखं. "काय स्थिर हात आहे गं तुझा! तू आलीस ना, म्हणून जमलं मला."

म्हणजे तो चहा, ती उशी, ते हात हातात घेणं... सगळं दुसरीच्या कमाईचं होतं.

खरं सांगायला हवं होतं. मशीन त्याच दिवशी परत करायला हवं होतं. हे मावशीलाही कळत होतं. पण सांगितलं असतं तर ते प्रेम परत जाणार होतं. आणि कुणाकडे जाणार होतं?

"हो," मावशी म्हणाली. "मीच."

तो शनिवार होता.

सव्वाचारला ती काकांच्या आधी शेडमध्ये हजर. स्वयंपाकघरातली जाड फडकी हातांना गुंडाळलेली. शेवटचा तुकडा राहिला होता, काकांच्या शेजारच्या सीटच्या दाराखालचा.

"आज उघड उघड?" काका खुशीत म्हणाले. मुखवटा खाली आला. "धर..."

मावशी उकिडवी बसली. पत्रा धरला. मान वळवली, डोळे घट्ट मिटले.

"आज हलतोय गं. रोज असा नसतो."

हे वाक्य तिला ठिणगीपेक्षा जास्त भाजलं. तिनं पत्रा आणखी आवळला, तसा तो आणखी हलला. मग बंदूक चरचरली. ठिणग्या मनगटावर आल्या.

"आई गं!"

मावशीनं हात सोडले. धडपडत दोन पावलं मागे झाली. टाका पडला नव्हता. पत्रा आता खाली पडणार...

पडला नाही.

जागच्या जागी राहिला. जराही न हलता.

"हां... अशी," काका मुखवट्याआडून म्हणाले. "आता कशी बरोबर धरलीस!"

मावशीनं खिळ्याकडे पाहिलं.

खिळा रिकामा होता.

बंदूक पुन्हा पेटली. डोळे दिपले, म्हणून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. निळ्या उजेडात भिंतीवर सावल्या उभ्या राहिल्या. एक तिची. एक काकांची, वाकलेली. आणि त्यांच्या अगदी जवळ... खांद्याला खांदा लावून... उकिडवी बसलेली, तिसरी.

"सोड," काका म्हणाले. कधी नव्हे इतक्या हळुवार आवाजात.

उजेड विझला. काकांनी मुखवटा वर केला. मागे उभ्या असलेल्या मावशीला बघून म्हणाले, "चपळ आहेस हं!"

मोजे खिळ्यावर होते.

गाडी आता चालते. काका येईल त्याला कौतुकानं सांगतात, "हिनं पत्रा धरला म्हणून झाली." मावशी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजली. मशीन तिनं दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं, मोज्यांसकट. काका चार दिवस बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेले होते. गाडी सकाळपासून सावलीत उभी होती. मावशी काकांच्या शेजारी बसायला निघाली, तर दाराखालची ती पट्टी तिनं पाय उंच उचलून ओलांडली.

"हात लावून बघ," ती माझ्या कानात म्हणाली.

मी लावला. बाकी गाडी थंडगार होती.

ती एवढीच पट्टी कोमट होती. कुणीतरी नुकताच हात काढून घेतल्यासारखी.

"सोडलाच नाहीये तिनं अजून," मावशी म्हणाली, आणि दार धाडकन लावून काकांना चिकटून बसली.