मागचा डावा स्पीकर

सोयाबीनचे भाव इतक्या मन लावून ऐकणारी मुलगी संघपालनं त्याआधी कधी पाहिली नव्हती.

बल्लारपूरच्या मेन रोडवर त्याचं ‘पंचशील इलेक्ट्रॉनिक्स’. नुकताच जोडलेला ॲम्प्लिफायर तो रेडिओ लावून तपासत होता, आणि ही बाहेर पायरीवर, एप्रिल महिन्याच्या उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन उभी. हातात मिक्सरचं भांडं. भाव संपले, हवामान सुरू झालं, तरी हलेना.

“काही पाहिजे होतं का, मॅडम?”

“नाई... म्हणजे... मी बाजूच्या दुकानात आली होती,” ती दचकून म्हणाली. “तुमच्या रेडिओचा शब्द न शब्द रस्त्यापर्यंत येऊन राह्यला. आमच्या टीव्हीचा तर खोलीतल्या खोलीत येत नाई.”

मग ती आत आली. रिना खोब्रागडे, कॉन्व्हेंटात शिकवते. वडील देवराव, सारी उमर पेपर मिलच्या मशीनजवळ गेलेली, कान तिथेच ठेवून आलेले. “गाणं ऐकू येते त्याईले. पण कोण काय बोललं ते नाई. मंग नुसते हिरोच्या तोंडाकडे पाह्यत राह्यते.” तिला पगारातून वडिलांसाठी होम थिएटर घ्यायचं होतं. तिनं निळे-लाल दिवे लुकलुकणाऱ्या सेटकडे बोट केलं. “हा कसा आहे? चार हजार वॅट लिहिलं आहे याच्यावर.”

“ते डब्ब्यावरचे वॅट हायेत, मॅडम. डब्ब्यातले वेगळे.”

ती हसली. हसताना तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं, पण डोळे बाहेरच राहिले.

“तुमाले धडधड नको, बोलणं पाहिजे,” संघपाल म्हणाला. “बोलणं मधातल्या स्पीकरातून येते. मी तुमाले साधा ॲम्प्लिफायर जोडून देतो. लाइटा-बिटा काही नाई, पण मधल्या स्पीकरचं बटण वेगळं. निम्म्या पैशात होईन.”

दुकानदार गिऱ्हाइकाला महागाचा माल नको म्हणून सांगायला लागला, की जाणत्या माणसानं ओळखावं... पोरगा कामातून गेला.

“नक्की ना, भाऊ?” तिनं विचारलं.

भाऊ! आता आपल्याकडे भाजीवाला भाऊ, कंडक्टर भाऊ, आटाचक्कीवालाही भाऊ. त्या शब्दाला कोणी नातं समजत नाही. संघपाल मात्र समजला, आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

त्यानंतर शाळा सुटली की रिना दुकानाशी येऊन विचारायची.

“झाला का, भाऊ?”

“ट्रान्सफॉर्मर यायचा हाय चंद्रपूरवरून.”

ट्रान्सफॉर्मर कधीचा येऊन टेबलाखाली पडला होता.

“चंद्रपूर काय विलायतेत आहे का? इतक्या दिवसात तर मी पायी जाऊन घेऊन आली असती.”

“चांगली वस्तू हळूहळू बनते.”

“अन् मी रोज उन्हात येऊन राह्यली, त्याचं?”

“म्हणून तर...”

“म्हणून तर काय?”

“म्हणून तर पंखा तिकडं वळवून ठेवला,” तो म्हणाला आणि सोल्डरिंगच्या धुराकडे असा पाहू लागला, जसं काही महत्त्वाचं तिथंच चाललं आहे. रिना पंख्यासमोर थोडी थांबायची. काही ऐकायची वाट पाहिल्यासारखी. पण दुसऱ्याच्या घरात स्वच्छ बोलणं पोचवणाऱ्या या कारागिराचं स्वतःचं बोलणं मात्र काउंटरपलीकडे पोचत नव्हतं.

शेवटी रिनाच्या आईचा, मीराबाईंचाच फोन आला. “बाबू, शनिवारपर्यंत बसवून दे. काही झालं तरी.”

शनिवारी तो सामान घेऊन पोचला. “जय भीम, काकाजी!” त्यानं मोठ्यानं म्हटलं. देवरावांनी दिवाणावरूनच हात जोडले. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला नवा कोरा सोफा होता. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“कोण कुठी बसते?” संघपालनं विचारलं. “सगळ्या खोलीत सारखा आवाज येत नसते. एक जागा धरून बसवावं लागते.”

“बाबांचा दिवाण धरा,” रिना म्हणाली.

“दिवाणाचं राहू दे,” मीराबाई म्हणाल्या. “उद्या पाव्हणे सोफ्यावर बसतीन. गोंडपिपरीचा मुलगा हाय, धनराज. ग्रामसेवक. रिनाले पाह्यले येऊन राह्यले.”

संघपालच्या हातून खिळ्यांची पुडी सुटली. खिळे सोफ्याखालीच घरंगळले, दुसरीकडे कुठं नाही. तो गुडघ्यावर बसून वेचू लागला. रिना मदतीला वाकली.

“तुम्ही सांगितलं नाई,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही विचारलं होतं का, भाऊ?” तीही हळूच म्हणाली. ‘भाऊ’वर जरा जास्तच जोर देऊन.

त्यानं वर पाहिलं, तर समोर सोफा. गुबगुबीत, चकचकीत, उद्याच्या त्या बुडासाठी तयार होऊन बसलेला. आयुष्यात लाकडाच्या आणि फोमच्या वस्तूचा इतका राग त्याला आला नव्हता. इथं तो बसणार. इथं बसून तो रिनाच्या हातचा चहा घेणार, आणि संघपालनंच आणून दिलेलं गाणं गुणगुणणार...

मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. संघपालला त्यानं फार बारीक नजर दिली. मधला स्पीकर त्यानं अगदी नीट वळवला, तो दिवाणाकडे. मागच्या दोन स्पीकरांपैकी उजवा ठेवला लांब, दारावर. आणि मागचा डावा ठोकला सोफ्याच्या बरोबर वर, बसणाऱ्याच्या कानापासून वीतभर. त्याच्या आवाजाच्या बटणाला वरून आणखी एक वळसा दिला.

मग बातम्या लावल्या. देवराव दिवाणावर ताठ झाले. “अगं मीरा! ही बाई असं बोलते होय! मले वाटे, रोज रागावतेच.”

रिनाचे डोळे भरले. तिनं संघपालकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेपुरती त्याला आपल्या करणीची लाज वाटली. पण मग तिनं पुसायला म्हणून फडकं घेतलं आणि सोफ्यावरून फिरवलं. लाज गेली.

सोमवारी दुकानापुढे मोटारसायकल थांबली. उंच, नीटनेटका माणूस उतरला. “तुमीच का संघपालभाऊ? मी धनराज, गोंडपिपरीचा. काल खोब्रागडे काकाजीच्या इथी गेलो होतो.”

संघपालनं काउंटर घट्ट धरला.

“मशीन लय भारी बनवलं, भाऊ! सिनेमा लावला, अन् वाघ असा गुरगुरला माझ्या कानात, की सारा चहा शर्टावर. हिरोईन काय बोलली ते एक अक्षर कळलं नाई. मंग काकाजीजवळ दिवाणावर जाऊन बसलो, तर सगळं साफ! मले पण असंच एक पाहिजे. फक्त...” तो हसला. “सोफ्यासंगं तुमचं काही भांडण हाय का?”

“भिंत तशी हाय ती.”

“तेवढं नीट करून द्या. आता आमचं येणं-जाणं राहीन. मुलगी पसंत हाय आमाले. बुधवारी त्याईचा निरोप येणार हाय.”

जळायचं म्हटलं तरी समोरचा माणूस निदान वाईट तरी असावा. हा तर गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा चांगला होता, भाव न करता आगाऊ पैसे काढत होता.

“माल संपला,” संघपाल म्हणाला. त्याच्या पाठीमागं छतापर्यंत डबे रचलेले होते. धनराजनं डब्यांकडे पाहिलं, संघपालकडे पाहिलं, आणि पुन्हा येतो म्हणून गेला.

सायंकाळी रिना आली. पंख्यासमोर थांबली नाही, सरळ काउंटरशी.

“संघपाल, तो स्पीकर मुद्दाम लावला का तिथी?”

भाऊ गळाला होता! पण तिच्या डोळ्यांकडे पाहता आनंद करायची ही वेळ नव्हती.

“खिळा तिथीच बसत होता.”

“सारी भिंत एकाच विटांची आहे. त्याईचा शर्ट खराब झाला. मी धुऊन दिला.”

“तू... धुऊन दिला?”

“मंग? चहाचा शर्ट घालून पाठवायचं?”

“मंग काय घातलं त्यानं?”

“बाबांचा सदरा.”

संघपालनं पंखा उगीच आणखी थोडा वळवला. “चांगला दिसला असन.”

“दिसला ना. खांद्यात अगदी बरोबर बसला.” तिनं नजर खाली केली. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “उद्या या अन् नीट करा. बाबा मले विचारून राह्यले, गोंडपिपरीले काय सांगू म्हणून. मी म्हटलं, आधी स्पीकर नीट होऊ द्या... मंग सांगीन.”

मंगळवारची दुपार. कूलर विमानासारखा घरघरत होता, टीव्हीवर कुठली तरी लढाई. देवराव दिवाणावर पेंगत होते, मीराबाई स्वयंपाकघरात. संघपाल स्टुलावर चढला. रिना सोफ्यावर बसली, पाहुण्याच्या बरोबर जागेवर.

“आता?” त्यानं स्पीकर सरकवून विचारलं.

“दूर गेला!”

“आता?”

“नाई! बोलणंच येऊन नाई राह्यलं!”

“मधलं बटण पुरं फिरवलं हाय!”

“मी बटणाचं नाई म्हणून राह्यली!”

हातोडी त्याच्या हातात तशीच राहिली. “काय म्हटलं?”

“म्हटलं, उद्या निरोप जाईन! मंग?”

“मंग काय?”

“ऐकू नाई येत!” ती ओरडली. तिचा चेहरा लाल झाला होता, उन्हानं नव्हे. “काय ते मोठ्यानं बोला ना एकदा!”

धुतलेला शर्ट, तो सदरा, ते खांदे, सगळं एकदमच त्याच्या डोळ्यांपुढे आलं. सगळी ताकद लावून, कूलरच्या वर आवाज काढत तो ओरडला, “मले तो धनराज सोफ्यावर नाई पाहिजे! दिवाणावर नाई पाहिजे! या घरातच नाई पाहिजे! मले—”

इथं लाइट गेली. कूलर थांबला, लढाई थांबली. पण संघपालचा आवाज निघालेला होता, तो कसा थांबणार?

“—तू पाहिजेस, रिना!”

एवढं मोठं वाक्य त्या घरात कोणत्याच स्पीकरमधून आलं नव्हतं. स्वयंपाकघरात पोळपाटावरचं लाटणं थांबलं. भिंतीपलीकडे शेजारीण कोणाला तरी “चूप रे जरा” म्हणाली, तेसुद्धा ऐकू आलं.

देवराव उठून बसले होते. त्यांनी स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं.

“रिना, मशीन बंद हाय ना?”

“हो, बाबा.”

“मंग हे मले बिना मशीनचं ऐकू आलं.”

“साऱ्या वस्तीले आलं,” मीराबाई दारात येऊन म्हणाल्या. हात पिठाचे, भुवया वर. “आता गोंडपिपरीले मी काय सांगू?”

“तुझं राहू दे,” देवराव म्हणाले. “पोरीले विचार.”

संघपालला वाटलं, स्टुलासकट भिंतीत जावं. काम बिघडवलं, पाहुण्याला पळवून लावायला पाहिलं, आणि आता भरल्या घरात... ती काही बोलेल तेच शेवटचं. ते ऐकायचं आणि निघायचं.

रिना सोफ्यावरून उठली. स्टुलाशी आली. त्याच्या हातातली हातोडी तिनं काढून घेतली, आणि मान वर करून, फक्त त्यालाच जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“इतक्या जोरानं कशाले...? मी रोज येत होती दुकानात. हळूच म्हटलं असतं, तरी ऐकलं असतं.”

देवरावांना यातला एक शब्दही ऐकू आला नाही. पण लेक त्याचा हात धरून त्याला खाली उतरवत होती, आणि तो खाली उतरला तरी हात सोडत नव्हती... ते त्यांना दिवाणावरून स्वच्छ दिसत होतं.