शीला आजींची मेझुझा

“लवकर चला! उशीर झाला तर पूलमध्ये पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही!” सलोनी टॉवेल खांद्यावर टाकून कॉरिडॉरमध्ये पळाली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ देवेश आणि शेजारची ऊर्मी. एडमंटनमधल्या त्यांच्या कॉंडो इमारतीला, दारांच्या चौकटींसकट, कालच नवा रंग दिला होता.

चौथ्या मजल्यावरच्या शीला पेणकर आजी दारातच उभ्या होत्या. डोळे पाण्याने भरलेले! आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू.

“आजी, काय झालं?”

“माझी मेझुझा गेली गं चौकटीवरून!”

“ती तिरकी लावलेली डबी?” देवेशने विचारलं.

“डबीचं काही नाही रे. आतल्या चर्मपत्रावर ‘शेमा’ आहे, आमची प्रार्थना. हाताने लिहिलेली, हिब्रूत. अलिबाग सोडताना आईने दिली होती. आज शुक्रवार, संध्याकाळी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागणार, आणि माझं दार असं ओकंबोकं!”

मॅनेजर ग्रेग तिथेच होते. ते म्हणाले, “कुणीतरी चोरली असेल. आमच्या पेंटर्सनी काहीही काढलेलं नाही.”

सलोनी चौकटीला नाक लावून बघत होती. “वेट! रंग दिल्यावर चोरली असती, तर डबीखालचा जुना रंग दिसला असता. इथे सगळीकडे नवाच रंग आहे. स्क्रूची भोकंसुद्धा बुजवली आहेत!”

“म्हणजे रंगाच्या आधीच काढली!” ऊर्मी ओरडली. “मिस्टर ग्रेग, पेंटरला फोन करा ना, प्लीज!”

ग्रेगनी फोन लावला. त्यांचा चेहरा उतरला. “काढलेल्या वस्तू एका बादलीत होत्या. ती... कचऱ्यात गेली.”

तेवढ्यात खालून आवाज आला. बीप! बीप! कचऱ्याचा ट्रक!

तिघं धडाधड जिने उतरले. देवेशने फुटपाथवरूनच टॉवेल गरागरा फिरवला. “स्टॉप! स्टॉप!” ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. सलोनी आणि ऊर्मी कचऱ्याच्या डब्यावर ओणवल्या. पेंटरच्या बादलीत चिकट कागद, फडकी, आणि त्यांच्या तळाशी रंगाने माखलेली पितळी डबी!

“सापडली!”

वर आजींनी चर्मपत्र उलगडलं आणि एकेक अक्षर तपासलं.

“एक अक्षर पुसलं असतं, तरी ही लावता आली नसती,” आजी हळूच म्हणाल्या. मग हसल्या. “सगळी अक्षरं शाबूत आहेत!”

ग्रेगनी स्वतः स्क्रूड्रायव्हर आणला. “सॉरी, मॅडम. या मुलांनी माझ्यापेक्षा चांगलं काम केलं.”

आजींनी हिब्रूत आशीर्वचन म्हणत मेझुझा चौकटीला टेकवली, घट्ट बसवली, आणि तिला स्पर्श करून बोटं ओठांना लावली. मग तिघांना जवळ ओढलं.

“माझ्या वाघांनो! संध्याकाळी शब्बाथचं जेवण माझ्याकडे. पण आधी आंघोळी करा, कचऱ्याचा वास येतोय!”