शिवरामकाकांचा दहावा

समीर, तो मोबाइल खाली ठेव आधी. लाइट आली की बघ. आणि चैत्राली, तू हसू नकोस, ही ऐकीव गोष्ट नाही. आमचा अनंता, अंबरनाथला एमआयडीसीत माझ्या शिफ्टला होता, त्याच्यावर गुदरलेली आहे.

दोन हजार चोवीसचा एप्रिल, सात तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. रात्री नवाच्या सुमारास शेजारच्या मोतीबाईंनी त्याला हाक मारली. "अनंता, सकाळी दहाव्याला नेलेली कळशी नदीवरच राहिली रे. आणतोस का?" दहावा त्यांच्या नवऱ्याचा, शिवरामकाकांचा. नाही कसं म्हणणार? बॅटरी घेतली, निघाला. त्याचं गाव बदलापूरच्या पुढे. नदी दहा मिनिटांवर, पलीकडे डोंगर. वणव्यानं पार काळाठिक्कर झालेला.

तो वणवा ह्या अनंतानंच लावलेला. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात ना, राब म्हणतात त्याला. भर दुपारी, वारा सुटलेला असताना ह्या शहाण्यानं राब पेटवला. आग चढली डोंगरावर. बोंब मारली असती तर पन्नास माणसं धावली असती. पण आपल्यावर केस होईल म्हणून हा घरात जाऊन बसला! एकटे शिवरामकाका हिरवी फांदी घेऊन आग झोडपायला गेले. धुरानं गुदमरले, ते गेलेच. ससे, घोरपडी, टिटवीची अंडी, सगळ्याची राख. गाव म्हणालं, फोटो काढायला येतात त्या शहरातल्या पोरांचं काम. अनंतानंही मान डोलावली.

दहाव्याला कावळा शिवेना. बारा वाजले, एक वाजला. "काका, मोतीबाईला आम्ही सांभाळू." "काका, घराचं छप्पर करून देऊ." सगळं बोलून झालं. "डोंगर जळाला, पाखरं राहिलीत कुठं?" म्हणत शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. काय बोलायला हवं होतं ते एकट्या अनंताला ठाऊक होतं. पण तोंड उघडलं नाही. मला सांगतानाही लाज वाटते रे.

तर, नदीवर कळशी सापडली. उचलायला वाकला, आणि डोंगरावरून आवाज आला.

फट्... फट्...

फांदीनं आग झोडपावी तसा. आग तर कुठेच नव्हती.

"कोण आहे?"

...

फट्. खाली उतरला आवाज. पाण्यापलीकडे. मग अलीकडे. मग थेट पाठीशी.

अनंता वळला नाही.

"काका... राब मीच पेटवला."

आवाज थांबला.

...

कळशी तिथेच टाकून तो पळत सुटला, तो मोतीबाईंच्या दारात. सगळं सांगितलं. "माझ्यामुळे गेले काका," म्हणून ढसाढसा रडला. मोतीबाई म्हणाल्या, "पाठ फिरव."

पांढऱ्या शर्टावर, मधोमध, काजळीचा पंजा. अंगठा धरून चारच बोटं. शिवरामकाकांचं एक बोट वीस वर्षांपूर्वी कंपनीत प्रेसखाली गेलेलं.

तो शर्ट मोतीबाईंनी ठेवून घेतला. धुऊ देत नाहीत. त्यांच्या माणसाचा हात आहे म्हणतात. मी पाहिलाय. पण काकांनी पाठ थोपटली, की ढकललं... ते अनंताला अजून सांगता येत नाही.