काखेत पाय घेऊन आलेला माणूस

पहिल्या भेटीला लोक फुलं आणतात. हा माणूस काखेत पाय घेऊन आला.

खोटं नाही सांगत. गुडघ्यापासून कमरेपर्यंतचा, आत स्पंज ठासलेला, वरून तपकिरी रेक्झिन शिवलेला पाय! दुसऱ्या हाताला आठ वर्षांची एक मुलगी लोंबकळत होती. रिंगणात माझी पोरं स्केट्सवर गोलगोल फिरत होती, माझ्या गळ्यात शिट्टी होती, आणि हा मलाच विचारतो...

"कोच कुठे भेटतील हो?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हटलं. "मीच."

तो कानांपर्यंत लाल झाला. मग एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. तो मुलीचा मामा. सोफे, खुर्च्या, गाद्या शिवतो. मुलीची आई बस चालवते, तिच्या कामाच्या पाळ्या बदलत्या, म्हणून आणणं-नेणं ह्याच्याकडे. मुलगी जागेवर बसत नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात.

"आणि तिला डायबिटीस आहे," तो म्हणाला. "इन्सुलिन घेते. तीन क्लासवाल्यांनी नको म्हटलं. तुम्ही चौथ्या."

"आणि हा पाय?"

"सरावाचा. तिची साखर फारच खाली गेली आणि ती बेशुद्ध पडली, तर मांडीत इंजेक्शन द्यावं लागतं. आधी ह्याला देऊन बघा."

"अहो, मी स्केटिंग शिकवते. माझ्याकडे लोक पाय मोडून घ्यायला येतात, टोचून घ्यायला नाही."

"सोपंय ताई," भिंगरी म्हणाली. "शाळेतल्या शिपाईकाकांनासुद्धा येतं."

आता आली का पंचाईत! शिपाईकाकांना येतं आणि मला येत नाही? मी सिरिंज घेतली आणि पहिल्याच फटक्यात सुई वाकवली. तो हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाहेरच्या बाजूला... सरळ. घाबरू नका, ह्याला दुखत नाही."

आवाज असा, की मलाही काही दुखू नये.

मग दर शनिवारी माझी परीक्षा. मुदत संपलेली इंजेक्शनं तो सरावासाठी जपून ठेवायचा. मी घडाघडा म्हणून दाखवायचे: शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच गोड रस. बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही नाही. कुशीवर वळवायचं, नारिंगी डबीतलं इंजेक्शन द्यायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची.

"आणि उगाच चिडली, हट्टाला पेटली, तर?"

"तर... कान धरायचा?"

"आधी साखर बघायची," तो गंभीरपणे म्हणायचा, आणि मला तो गंभीर असताना जास्तच आवडायचा.

आठवड्यातले तीन दिवस, दोन-दोन तास तो रिंगणाच्या कडेच्या बाकावर बसायचा. फोन नाही, पेपर नाही, नजर भिंगरीवर. आठ वर्षांच्या मुलीचा हेवा करायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

एकदा म्हणाला, "तुमच्या खुर्चीची गादी पार बसलीय."

"तुमचं लक्ष नेमकं खुर्चीकडेच कसं जातं हो?"

"खुर्चीकडे बघायला हिंमत लागत नाही..."

त्या दिवशी मी पोरांना तीन चकरा कमी मारायला लावल्या. मन कुठे जागेवर होतं!

शेवटी मीच पुढाकार घेतला. "क्लासनंतर मदतनीस ताई अर्धा तास पोरांना सांभाळतात. समोर कॉफी घेऊ या?"

त्याने भिंगरीकडे पाहिलं. "नको... तिला सोडून मी कुठे जात नाही. ती आजारी पडल्यापासून, दोन वर्षांत गेलो नाही."

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्याच्या मनात मी होते, हे मला दिसत होतं. पण त्याचा जीव भिंगरीत अडकला होता, आणि तिला घटकाभरही दुसऱ्याच्या हाती द्यायची त्याची तयारी नव्हती. मग माझ्यासाठी उरणार काय?

स्केटिंगची शर्यत महिन्यावर आली. एके दिवशी क्लास संपला तरी मी पोरांना वीस मिनिटं जास्त पळवलं. वर ह्यालाही आत पाठवलं. "ती गादी एकदाची शिवून टाका ना! साहित्याच्या खोलीतच तर आहे, दार उघडं ठेवा." माझ्या शब्दाखातर तो गेला.

भिंगरीने हेल्मेट काढून आपटलं. "नाही करणार मी! जा!"

"नखरे नकोत. बाकावर बस जाऊन," मी म्हटलं.

शंभर वेळा पाठ केलेली गोष्ट, आणि ऐन वेळी मला तो नखरा वाटला. दोन मिनिटांत ती बाकावरून घसरली. डोळे अर्धे मिटलेले, हातपाय झटके देत होते.

कुणाचे तरी बाबा सरबताची बाटली घेऊन धावले. "साखर पाजा तिला, पाजा!"

मी अशी शिट्टी मारली की ते जागीच थबकले. "तोंडात काही घालायचं नाही! तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलवा!"

मी तिला कुशीवर वळवलं. तेवढ्यात मामा नारिंगी डबी घेऊन गुडघ्यांवर कोसळला. आणि... त्याला सुईचं टोपण निघेना. जाड चामड्यातून दाभण आरपार काढणारी ती बोटं पानासारखी थरथरत होती. अख्ख्या गावाला शिकवणारा माणूस, आणि त्याच्यावर खरी वेळ आज पहिल्यांदा आली होती.

"द्या इकडे," मी म्हटलं. "हात माझे. तुम्ही बोलत राहा."

"सिरिंजमधलं पाणी... त्या छोट्या बाटलीत सोडा," तो कसाबसा म्हणाला. "हलवा. पावडर विरघळू दे... आता परत ओढा. हवा काढा..."

"मांडी. बाहेरच्या बाजूला. सरळ," मी म्हटलं आणि सुई आत घातली. ही मांडी ऊबदार होती, इवलीशी होती. माझा हात हलला नाही. रडू मागून आलं.

मग वाट बघणं. झटके थांबले, पण डोळे उघडेनात. त्याने तिचं डोकं धरलं होतं आणि मी त्याचं मनगट. बारा मिनिटं... आयुष्यात एवढी लांब शर्यत मी पाहिली नाही.

पापणी हलली. तिने आधी माझ्या बुटांवर उलटी केली, मग किलकिल्या डोळ्यांनी विचारलं, "ताई... माझं हेल्मेट कुठंय?"

त्या क्षणी मी त्या बुटांचंही चुंबन घेतलं असतं! ती पुरती जागी झाली, नीट गिळू लागली, तेव्हा घोटघोट रस दिला, मग बिस्किटं. तोवर ॲम्ब्युलन्स दारात आली होती.

हॉस्पिटलमध्ये तिची आई ड्रायव्हरच्या गणवेशातच धावत आली. मी काही लपवलं नाही. वेळ मी वाढवली, मामाला मी आत पाठवलं, आजाराला नखरा म्हटलं. आता भिंगरी रिंगणात दिसणार नाही, आणि तोही नाही, हे मी मनाशी धरूनच बोलत होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. "असाच नखरा समजून मीही एकदा तिच्यावर ओरडले होते. पुन्हा होईल तुमच्याकडून?"

"मरेपर्यंत नाही."

"मग डॉक्टर हो म्हणाले की पुढचा क्लास कधी, ते सांगा."

मामा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "ऐन वेळी माझेच हात गळाले..."

"तुमचा आवाज नसता तर माझेही गळाले असते," मी म्हटलं. हे खरंच होतं.

शर्यतीच्या दिवशी मी भिंगरीची साखर तपासली, तिला खायला घातलं, पुन्हा तपासली. मामाने नारिंगी डबी माझ्या हातात दिली. "मी वर बसतो. गॅलरीत, बहिणीशेजारी."

"इतक्या लांब?"

"लोक बसतात ना, तसा." आणि तो खरंच जिना चढून गेला. मी बघतच राहिले.

भिंगरी सुटली! पहिल्या वळणावर सहावी, दुसऱ्यावर चौथी, आणि शेवटच्या वळणावर कोपर आत घेऊन अशी वाकली की माझी शिट्टीच तोंडातून पडली. दुसरी आली! ओरडली मात्र जगज्जेती असल्यासारखी. आई जिना उतरून, रिंगणाचा कठडा ओलांडून तिच्याकडे धावली. मी लगेच तिची साखर पाहिली. झकास होती!

मामा धापा टाकत माझ्याकडे आला.

"अहो, तिकडे जा! शेवटचं वळण बघितलंत ना?"

"नाही बघितलं," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्याकडे बघत नव्हतो."

"मग?"

"तुमच्याकडे बघत होतो. ती तुमच्याजवळ आहे म्हटल्यावर मला... भीती वाटली नाही. तुम्ही मला फार आवडता. आवडता काय, प्रेम आहे माझं तुमच्यावर. लग्न कराल माझ्याशी?"

भोवती टाळ्या वाजत होत्या, लाऊडस्पीकर किंचाळत होता, आणि ह्या भल्या माणसाला हीच वेळ सापडली होती.

"हो!" मी म्हटलं, अख्ख्या रिंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.