रतीब मोडू नये म्हणून

“ह्या कागदावर सही केलीस, तर हे घर तुला मेलं म्हणून समज, क्रांते…”

सासूचे, धोंडुबाईंचे ते शब्द दहा वर्षं झाली तरी क्रांतीच्या काळजातून हलले नव्हते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं ते दोन खोल्यांचं घर, मागच्या गोठ्यात म्हशींच्या साखळ्यांची खळखळ, मांडीवर अकरा महिन्यांची निशिगंधा आणि समोर सरकारी मदतीचा अर्ज. तिचा नवरा सम्राट हरियाणात नवी म्हैस घ्यायला निघाला होता. वाटेत गाडी बदलायला उतरला, चहा प्यायला म्हणून स्टेशनाबाहेरच्या बाजारात गेला, आणि तिथं कुणा नराधमांनी ठेवलेला बॉम्ब फुटला… बायकोच्या वाट्याला उरला तो अर्ज.

“आत्ती, पोरीसाठी घ्यावं लागंल मला,” एवढंच ती म्हणाली होती.

“पोरीसाठी म्हण न्हायतर कशासाठी म्हण. माझ्या सम्राटचं मोल सरकारनं करायचं, आनि त्ये बी गावाच्या खिशातनं? इकलास तू त्याला.”

क्रांतीनं सही केली. त्याच दुपारी एक पिशवी आणि एक लेकरू घेऊन ती वारणानगरला मावशीकडे गेली आणि दूध पॅकिंगच्या कामाला लागली. मदतीची रक्कम पोरीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवली. तिच्यातून स्वतःला एक लुगडं म्हणून घेतलं नाही. पण हे सासूला सांगायचं कोणी? आणि सांगून तरी काय! रागावलेल्या माणसाला हिशेब दाखवला की राग दुप्पट होतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

माहेरची माणसं म्हणायची, विसर आता. कसं विसरायचं? ज्या दूधकट्ट्यावर तिचा संसार फुलला, तो कट्टा डोळ्यांसमोरून जातच नसे. संध्याकाळ झाली की सम्राट म्हशी धुऊन, शिंगांना तेल लावून कट्ट्यावर आणायचा. गिऱ्हाईक समोर उभं, आणि म्हशीची धार थेट पेल्यात… कोमट, फेसाळ. पहिला पेला तो हळूच क्रांतीच्या हातात द्यायचा, आणि धोंडुबाई लटक्या रागानं म्हणायच्या, “भवानी व्हायच्या आधीच बायकूला पाज, मग धंदा कर.” त्या हसण्यात किती माया होती!

म्हणून तर निशिगंधा चार वर्षांची झाल्यापासून सम्राटच्या पुण्यतिथीला ती दर वर्षी एस.टी.नं कोल्हापुरात यायची. डोक्यावरून पदर घेऊन पलीकडच्या दुकानाच्या पायरीशी थांबायची आणि निशिगंधाच्या हातात पैसे देऊन तिला कट्ट्यावर धाडायची. पोरगी कुणा परक्यासारखी आजीच्या म्हशीचं दूध प्यायची, पैसे द्यायची आणि परत यायची. लेकराच्या पोटात त्या घरचं काहीतरी जावं, एवढीच त्या माउलीची आस.

यंदा निशिगंधा अकरा वर्षांची होत आली होती. ती पेला घेऊन उभी होती आणि कट्ट्यावर वाद पेटला होता. कुठंतरी पुन्हा स्फोट झाला होता, मेलेल्यांच्या घरच्यांना सरकारनं मदत जाहीर केली होती. रोजचे गिऱ्हाईक केरबाआण्णा, हार्डवेअरचे दुकानदार, पेला हातात धरून तावातावानं बोलत होते.

“टॅक्स आमी भरायचा आनि वाटायचा त्येंनी. माजा पुतण्या ट्रकखाली गेला, त्याच्या बायकूला कोन इचारलं काय? मग बॉम्बनं मेला तरच त्यो मानूस, व्हय?”

पायरीशी उभ्या क्रांतीनं पदर आणखी पुढं ओढला. आता आत्ती काय बोलणार, हे तिला पाठ होतं. पोरीनं ते ऐकू नये म्हणून ती तिला हाक मारणार, तोच धोंडुबाई कास पुसता पुसता थांबल्या.

“केरबाआण्णा, आमची चंद्री म्हैस मेली तवा तुमच्या घरचा रतीब किती दिस चुकला?”

“एक दिस बी न्हाय.”

“का चुकला न्हाय? ह्यो चमन, त्यो पिराजी, कट्ट्यावरच्या समद्यांनी आपापल्या चरवीतनं दोन दोन शेर काढून आमच्या किटलीत वतलं, म्हैनाभर. म्हशीचं मोल दिलं व्हय त्येंनी मला? म्हशीचं मोल कोन करतंय. घरातलं जनावर गेलं, तरी रतीब मोडू नये, एवढ्यासाठी त्ये हुतं.” म्हातारीनं कास पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. “त्येच ह्ये. गावानं वाटून घेतल्यालं दूध. तुमच्या पुतण्याच्या बायकूला बी मिळाया पायजे हुतं… न्हाय मिळालं, ह्यो अन्याव. पर तिला मिळालं न्हाय म्हनून दुसरीच्या लेकराच्या तोंडचं काढू नका. मी काढाया निगालतो. एक म्हैस मेली, दुसरी आनाया मीच धाडलं माज्या लेकाला. त्यो परत आला न्हाय, त्येचं खापर मी सुनंच्या डोक्यावर फोडलं.”

केरबाआण्णांनी पेला खाली ठेवला आणि डोळे पुसले.

निशिगंधानं पैसे पुढं केले. धोंडुबाईंनी तिची मूठ मिटली.

“आदी फेस चाटतीस, मग कोपरानं तोंड पुसतीस. चार वर्साची हुतीस तवापास्नं वळकतोय मी तुला, बाळे. बापाची खोड कुटं लपत्या? तोंड उगडायला मला लाज वाटत हुती, एवढंच.” मग त्यांनी पलीकडं पाहत आवाज चढवला. “अगं ए क्रांते, परक्यावानी पायरीला काय हुबी ऱ्हायलीस? हिकडं ये. गुडघं दुकत्यात माजं, धार निगत न्हाय मला आता.”

क्रांती कशी आली, तिचं तिला कळलं नाही. पायांवर डोकं ठेवायला ती वाकली, तर सासूनं तिच्या हातात चरवीच दिली. ती म्हशीशेजारी उकिडवी बसली. सडांना हात लावला, पण दूध उतरेना. नवी म्हैस, अनोळखी हात. म्हशीनं पान्हा चोरला होता. क्रांतीच्या डोळ्यांतलं पाणी मात्र थांबत नव्हतं.

धोंडुबाई म्हशीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या गळ्याखाली खाजवू लागल्या.

“उतरंल, उतरंल. जरा हट्टी हाय. माज्यावानीच,” त्या म्हणाल्या. “पर सोड की आता बाई… घरचाच हात हाय त्यो.”

आणि चरवीत पहिली धार वाजली.

धोंडुबाईंनी तो पहिला पेला भरून घेतला, गिऱ्हाइकांना थांबा म्हणाल्या आणि सुनेपुढं धरला.