तांबे साडेचार टक्के

"मराठीतलं काहीही आणा! धाडधाड वाचतो आणि अर्थपण सांगतो!" शार्दूलने छाती फुगवून जाहीर केलं.

"मग हे वाच," म्हणत कादंबरीने त्याच्या तळहातावर कागदाचा ओला लगदा ठेवला. "आणि भाऊसाहेब आजोबांनी नाशिकला जाताना दिलेली चिठ्ठी पँटसकट धुवायला का टाकलीस, तेही सांग!"

"विसरलो यार!"

१९९८ चा मे महिना होता. दिल्लीतल्या द्वारकेतल्या त्या नव्याकोऱ्या सोसायटीत झाडांपेक्षा सिमेंटची पोती जास्त होती आणि पाणी टँकरने यायचं. शार्दूल बारा वर्षांचा, त्याची ताई कादंबरी तेराची आणि समोरच्या फ्लॅटमधली अश्लेषा दहाची. भाऊसाहेब आजोबा त्याच सोसायटीतले, विमानांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. "तांब्यांना दे," एवढंच बोलून ते स्टेशनला पळाले होते. तांबे म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दीनानाथकाका. रोज संध्याकाळी स्वतःला एक आणि मुलांना तीन कुल्फ्या आणणारे!

चिठ्ठीचा वरचा भाग विरघळला होता. खालचा शार्दूलने मोठ्यांदा वाचला, "तांबे साडेचार टक्के. त्यामुळे ताकद लोखंडासारखी. पण पाणी सोसत नाही, ओलाव्यात ठेवू नये. जास्त तापले की मऊ पडते. वेल्डिंग केलेत तर तडा जाईल. खाली कुणाला बसू देऊ नका."

"'पडते' काय? 'पडतात' पाहिजे ना?" कादंबरी म्हणाली.

"घाईत लिहिलंय. अर्थ सोपा आहे," शार्दूलचा आवाज एकदम बारीक झाला. "काका आजारी आहेत. साडेचार टक्केच उरलेत!"

"आणि वेल्डिंग?"

"ऑपरेशनला म्हणत असतील."

अश्लेषाचे डोळे भरले. "चलो, काकांना वाचवू या!"

काकांचा तो शनिवार फार वाईट गेला. ते आंघोळीला निघाले, तर शार्दूलने बादली कुंडीत ओतून टाकली. पाणी प्यायला गेले, तर कादंबरीने ग्लास काढून घेतला. "दोनच घोट, काका!" दुधाची पिशवी आणायला निघाले, तर अश्लेषा जिन्यातच त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी! काका तापू नयेत म्हणून शार्दूलने ओला टॉवेल आणला, तेवढ्यात कादंबरी ओरडली, "ओलाव्यात ठेवू नये!" शेवटी तिघांनी मिळून त्यांना वर्तमानपत्राने वारा घातला. त्यात काकांचा चष्मा उडाला.

"अरे, मला झालंय तरी काय?" काका वैतागले.

"काका, तुम्ही साडेचार टक्केच उरलात हो!" शार्दूलने हुंदका दिला.

"कुणी मोजलं?" काका हसतच सुटले. "वेडी कुठली! या, गार हवा खा. माझा कूलर बघा!"

बाल्कनीबाहेर स्टँडवर कूलर लटकत होता. खाली प्रेसवाला शंकर टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होता. काका कठड्यावरून वाकून ओरडले, "शंकर! देखा हमारा स्टँड? हवाई जहाज का मेटल है! एल्युमिनियम में ताँबा मिलाया हुआ! भंगारबाजार से लाया, वेल्डिंग करवाया! सौ साल नहीं हिलेगा!"

अश्लेषाने छत्री मिटली. "कादंबरीताई, ताँबा म्हणजे कॉपर ना? त्याला मराठीत काय बोलतात?"

"तांबं."

"आणि पुस्तकातल्या मराठीत?"

"तां..." कादंबरीने शार्दूलकडे पाहिलं. "तांबे! गधड्या, हे काकांबद्दल नाही, स्टँडबद्दल आहे!"

तिघं कठड्यावरून वाकले. स्टँडच्या जोडावर पांढरी भुकटी जमली होती. कूलरचं पाणी तिथेच ठिबकत होतं. आणि जोडाला केसासारखी बारीक चीर पडली होती. बरोबर खाली शंकरचं डोकं!

"काका, कूलर पडणार!" तिघंही एकदम ओरडले.

"विमान पडतं का? त्यालाही हेच मेटल असतं," असं म्हणत काकांनी कूलरमध्ये अख्खी बादली ओतली. स्टँड कुरकुरला. "ऐकलंत? थंड हवेचा आवाज!"

मुलं धडाधड जिना उतरली. "शंकरभैया, हटो! कूलर गिरेगा!"

"अरे जाओ, बच्चा लोग! बीस कपड़े बाकी हैं," शंकर जागचा हलेना.

वर पुन्हा "कर्रर्र" झालं. मग शार्दूलने श्वास घेतला आणि तो गळा फाडून ओरडला, "पानी का टँकर आया! टँकर आया!"

अख्खी सोसायटी बादल्या घेऊन गेटकडे धावली! शंकर इस्त्री टाकून पळाला. काकाही एक चप्पल घालून, दोन बादल्या घेऊन निघाले.

ते गेटपाशी पोचले आणि मागे धडाड् धूम! शंकरचं टेबल होतं तिथे लाकडाच्या ढलप्या, आडवा कूलर आणि पाण्याचं तळं.

शंकर मटकन खाली बसला आणि त्याने अश्लेषाचा हात घट्ट धरून ठेवला.

संध्याकाळी काकांनी एसटीडी बूथवरून नाशिकला फोन लावला. भाऊसाहेबांचा आवाज बूथबाहेर उभ्या मुलांनाही ऐकू येत होता, "अहो, तांब्यामुळे ॲल्युमिनियम मजबूत होतं, पण वेल्डिंगच्या आगीत तीच ताकद जाते आणि चिरा पडतात! म्हणून विमानाचे पत्रे रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडतात! तुम्ही ते भंगारातून आणलंत म्हणूनच तर चिठ्ठीत लिहिलं होतं! मुलांना शाबासकी द्या. आणि शार्दूलला एक शब्दकोश!"

काकांनी सगळ्यांसमोर शंकरची माफी मागितली आणि त्याला नवं टेबल कबूल केलं. मग तिघांना जवळ घेतलं. "मी हट्टी माणूस. पण तुम्ही मला दिवसभर वारा घातलात रे!" सोसायटीच्या सेक्रेटरी सुनेत्राकाकू म्हणाल्या, "बिल्कुल हिरो आहेत आपली मुलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात गेटवर मोठा हॉर्न वाजला.

"टँकर आला!" शार्दूल ओरडला.

"आता नाही हं फसणार!" सगळे पोट धरून हसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

टँकर दहा मिनिटं हॉर्न वाजवून शेजारच्या सोसायटीत गेला. पाणी मंगळवारी आलं.